धरणातल्या ट्रोलिंग होडीवर बॅटरी, मोटर आणि साउंडर: नाशिककर नवख्यांसाठी

चालत्या होडीमागे दोरी सोडून कृत्रिम आमिष ओढत न्यायचं आणि शिकारी माशाला फशी पाडायचं, याला ट्रोलिंग म्हणतात. जाळ्याचा यात काही संबंध नाही. आपल्याकडे अजून हौशी मंडळींपुरतंच ते आहे, पण नाशिक जिल्ह्यात धरणांना तोटा नसल्याने बारा-चौदा फुटी फायबरची होडी घेणारे हळूहळू वाढताहेत. होडी आली की पहिला फोन येतो तो फिशफाइंडरसाठी, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणाऱ्या साउंडरसाठी: कोणती कंपनी, किती इंची स्क्रीन? माझं उत्तर ठरलेलं आहे. स्क्रीन सगळ्यात शेवटी. आधी बॅटरी, वायर आणि फ्यूज. होडी पाण्यावर बंद पडते ती जवळजवळ नेहमी या तिघांपैकी एकामुळे, आणि तेव्हा नऊ इंची रंगीत पडद्यावर फक्त खाली किती पाणी आहे एवढंच दिसतं.

पाणी कोणतं, परवानगी कोणाची

खरेदीच्या आधी हे उरका. धरणाचं पाणी आणि काठ जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो, तर मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने दिलेला असतो. म्हणजे विचारायचं दोघांनाही. गंगापूर धरणाचं पाणी नाशिक शहर पितं, वैतरणेचं मुंबईला जातं. अशा ठिकाणी पेट्रोल इंजिनाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडतात, आणि ते बरोबरच आहे. नांदूर मध्यमेश्वरचा विचारही करू नका. ते पक्षी अभयारण्य आहे आणि रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे.

संस्थेच्या लोकांना सकाळी काठावरच गाठावं. लावलेली जाळी काढून ते परत येतात, वजनकाटा चालू असतो, तेव्हा निवांत बोलणं होतं. "काका, इथे होडी घातली तर चालेल का? जाळी कुठं असतात?" एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. थर्माकोलचे तुकडे, रिकाम्या बाटल्या, जुन्या चपलांचे तळवे असं काहीही तरंगताना रांगेत दिसलं की खाली जाळं आहे असं समजा आणि लांबून वळा. पंख्यात जाळं अडकलंच तर मोटर बंद करून हाताने सोडवायचं. कापायचं नाही. कोणाच्या तरी पोटावर सुरी चालते ती.

मोटर

धरणासाठी बारा व्होल्टची इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर घ्या. आवाज नाही, तेल नाही, आणि ट्रोलिंगला लागणारा ताशी तीन ते पाच किलोमीटरचा वेग ती आरामात देते. ताकद पाउंडात मोजतात. ढोबळ हिशेब असा, की होडी, माणसं, बॅटरी, सामान मिळून जे वजन होईल त्याच्या दोन टक्के तरी जोर हवा. पाचशे किलोचा पसारा असेल तर दहा किलो, म्हणजे साधारण बावीस पाउंड. पण हा हिशेब वारा नसतानाचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठला की गंगापूरच्या उघड्या पाण्यावर लाटा येतात, आणि बावीस पाउंडाची मोटर होडीला जागच्या जागी धरून ठेवण्यातच दमते. म्हणून या वजनाला चाळीस ते पंचावन्न पाउंड घ्या.

दुकानात दोन प्रकार दाखवतील. पाच गतींची स्वस्त मोटर आणि सलग गती बदलणारी डिजिटल मोटर. स्वस्तवालीत हळू चालवताना उरलेली वीज रोधकात नुसती उष्णता होऊन जाते. ट्रोलिंग म्हणजे तासन्‌तास हळूच चालणं, तेव्हा इथे वाचवलेले पैसे बॅटरीत जातात. दांड्याची लांबी मात्र फुकटात चुकते: पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली वीतभर तरी राहिलं पाहिजे, नाहीतर लाटेवर पंखा हवा खातो. मागच्या फळीच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर माणसं बसवून मोजा, रिकाम्या होडीत नाही. आणि पंख्याची पिन धोंड्यावर किंवा खुंटावर आपटून तुटते (मोटर वाचावी म्हणूनच ती नाजूक केलेली असते), म्हणून दोन जादा पिना आणि पाना होडीतच ठेवा.

बॅटरी

द्वारका परिसरात किंवा कुठल्याही बॅटरीच्या दुकानात गेलात की "दादा, घरच्या इन्व्हर्टरचीच टाका ना" असा सल्ला मिळेल. ती ट्युब्युलर बॅटरी खोलवर वापर सोसते हे खरं, पण दीडशे अँपिअर-अवरची उंच बॅटरी पन्नास-साठ किलोची असते आणि आत पातळ आम्ल असतं. डोलणाऱ्या होडीत दोन्ही नकोत. गाडीची बॅटरी त्याहून वाईट: तिच्या पातळ प्लेटा क्षणभर मोठा करंट देऊन इंजिन सुरू करण्यासाठी असतात, रोज अर्धी रिकामी केली की काही महिन्यांत मरते. पैसे बेताचे असतील तर ई-रिक्षाची बॅटरी चालते, तिला खोल वापराची सवय असते. फक्त झाकणाच्या खोक्यात, पट्ट्याने घट्ट बांधून, होडीच्या मध्याजवळ.

परवडत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. कारण वजन आणि वापर दोन्हींत आहे. शंभर अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी पंचवीस-तीस किलोची आणि तिचा निम्माच साठा वापरावा; तेवढीच लिथियम अकरा-तेरा किलोची आणि ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते. पंचावन्न पाउंडाची मोटर पूर्ण वेगात पन्नास अँपिअरच्या आसपास खेचते, ट्रोलिंगच्या वेगात समजा वीस. मग शिशाच्या बॅटरीवर अडीच तास, लिथियमवर चार तासांच्या वर. लिथियम घेताना आतल्या संरक्षक सर्किटची, म्हणजे बीएमएसची सलग अँपिअर क्षमता बघा. ती मोटरच्या कमाल करंटपेक्षा जास्त असायला हवी, नाहीतर ऐन वाऱ्यात पूर्ण वेग दिला की बीएमएस पुरवठा तोडतो. चार्जरही लिथियमचाच, १४.६ व्होल्टवर थांबणारा. गॅरेजमधला जुना चार्जर लावू नका.

साठ्याचा एक तृतीयांश भाग परतीसाठी राखून ठेवायचा, याला अपवाद नाही. आणि दिशा वाऱ्यावर ठरवा. गंगापूरला भिंत पूर्वेला आणि फुगवटा पश्चिमेला आहे. सकाळी शांत पाण्यात पश्चिमेकडे जायचं, दुपारचा वारा उठायच्या आत मागे फिरायचं. उशीर झालाच तर वारा पाठीवर असतो. फक्त भिंतीकडच्या बाजूला लाटा जास्त मोठ्या होतात, कारण तिथवर येईतो वाऱ्याला मोकळं पाणी लांबवर मिळतं. त्यामुळे उतरायची जागा आडोशाची निवडा.

वायर आणि फ्यूज: इथे थांबा, घाई नको

बारा व्होल्टला झटका बसत नाही, म्हणून लोक या कामाकडे दुर्लक्ष करतात. पण बारा व्होल्टवर करंट मोठा असतो आणि आग लागते ती करंटमुळे.

बॅटरी ते मोटर तीन मीटर धरा. करंट जाऊन परत येतो, म्हणजे तांबं सहा मीटर. पन्नास अँपिअरला सहा चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर वाटेतच पाऊण व्होल्टच्या वर खाल्लं जातं आणि सुमारे चव्वेचाळीस वॅट वायरीत उष्णता होऊन बसतात. वायर हाताला गरम लागते ती यामुळे. सोळा चौरस मिलिमीटर घेतली तर तूट एक तृतीयांश व्होल्टवर येते. कथिल चढवलेली बोटीची वायर मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर सातपूर-अंबडला वेल्डिंगची केबल मिळते, ती घ्या. बारीक तारांची, रबरी वेष्टनाची, वाकवली तरी न तुटणारी. गोड्या पाण्यात ती बरीच वर्षं टिकते. खाऱ्या पाण्यासाठी मात्र नाही.

टोकाला तांब्याची लग (बोल्टसाठी भोक असलेलं टोक) लावायची ती हातोडीने ठोकून नव्हे. सोळा चौरसच्या लगेला षटकोनी दाब देणारं क्रिम्पिंगचं हत्यार लागतं, आणि ते विकत घ्यायची गरज नाही: पॅनेल बनवणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये चार लगा दाबून मिळतात. दाबल्यावर लग एका हातात, वायर दुसऱ्या हातात धरून जोरात ओढून बघा. जरा जरी सरकली तर कापून परत. वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. नळी तापली की कडेने गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे, तेव्हाच पाणी आत जाणार नाही.

आता फ्यूज. तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच हवा. कारण फ्यूज मोटरला नव्हे, वायरीला वाचवतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर घासून उघडी पडली तर तिला वाचवायला कोणी नाही. पंचावन्न पाउंडाच्या मोटरला साठ अँपिअरचा. बरेच इलेक्ट्रिशियन इथे घरातला एमसीबी लावून देतात. तो एसीसाठी असतो. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझायला मदत होते. डीसीत ती विझत नाही, आतच जळत राहते. त्यामुळे डीसी असं छापलेलाच एमसीबी किंवा ब्रेकर घ्या. सोलरवाल्यांकडे डीसी एमसीबी मिळतो. त्यावर धन-ऋण खुणा असतील तर त्याप्रमाणेच जोडा, उलटा जोडला तर तोही ठिणगी विझवू शकत नाही.

काम झालं की काठावर, कोरड्यात, मोटर बादलीत बुडवून पाच मिनिटं चालवा आणि प्रत्येक जोडावरून बोट फिरवा. जो जोड गरम, तो ढिला.

साउंडर निवडताना

जाहिराती खोलीच्या आकड्यांवर असतात: दोनशे मीटर, तीनशे मीटर. आपल्याला काय करायचंय? धरणात तुम्ही बहुतेक वेळ पंधरा मीटरच्या आतच असणार. बघायच्या गोष्टी दोनच. एक, उन्हात स्क्रीन दिसते का. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच छान दिसतात. दारात नेऊन उन्हाकडे तोंड करून, गॉगल लावून बघा. दुसरी, सोनारची वारंवारता. दोनशे किलोहर्ट्झचा शंकू अरुंद, साधारण वीस अंशांचा असतो. त्र्याऐंशीचा रुंद, साठ अंशांच्या आसपास. टॉर्चचा झोत जितका पसरट तितका मोठा भाग उजळतो पण बारकावे पुसट होतात, तसंच हे. दहा मीटर खोलीवर अरुंद शंकू तळाचा साडेतीन मीटरचा गोल बघतो, रुंद शंकू साडेअकरा मीटरचा. तळाचे खुंट, धोंडे आणि बसलेला मासा वेगळा ओळखायला अरुंद बरा. चर्पवालं यंत्र (एका वारंवारतेऐवजी वारंवारतांचा पट्टा वापरणारं) परवडलं तर मासे एकमेकांपासून सुटे दिसतात. जीपीएस हवंच. बाजूला बघणारं साइड-इमेजिंग छान असतं, पण पहिल्या वर्षी त्याच्याकडे बघता बघता होडी कशावर तरी चढवाल.

पडद्याबद्दल एक गैरसमज सगळ्या नवख्यांचा असतो. ते चित्र पुढच्या पाण्याचं नाही. उजव्या कडेचा उभा पट्टा म्हणजे आत्ता, होडीच्या बरोबर खाली. डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. होडी उभी ठेवली तरी चित्र सरकत राहतं आणि खाली थांबलेला एकच मासा लांबलचक रेघ होतो.

ट्रोलिंगमध्ये याचा उपयोग नीट करून घेता येतो. आमिष तीस मीटर मागे आहे आणि होडी ताशी चार किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला एक मीटरपेक्षा थोडं जास्त. उजव्या कडेला तळ सहा मीटरवरून तीनवर उसळलेला दिसला की आमिष तिथे पोचायला सव्वीस-सत्तावीस सेकंद आहेत. तेवढ्यात दोरी गुंडाळा. वेग वाढवू नका, उलट तरंगणारं आमिष असेल तर वेग कमी करा म्हणजे ते वर येतं. मासा दिसला तरी तसंच: दिसल्या दिसल्या गळाकडे बघत बसू नका, मनात पंचवीस मोजा.

ट्रान्सड्यूसर बसवणं

निम्म्या तक्रारी यंत्राच्या नसतात, ट्रान्सड्यूसरच्या (पाण्यात आवाज सोडून त्याचा पडसाद घेणाऱ्या भागाच्या) जागेच्या असतात. त्याच्या तोंडाखालून बुडबुडे गेले की चित्र गेलं. मागच्या फळीवर, पंख्यापासून चाळीस सेंटिमीटर तरी लांब, आणि पंख्याची पाती ज्या बाजूने खाली उतरतात त्या बाजूला बसवा. तळाच्या पट्ट्यांच्या किंवा रिवेटांच्या रेषेत नको. फायबरच्या होडीला तोंड तळापासून तीन-चार मिलिमीटर खाली, आणि पाण्यात होडी स्थिरावल्यावर तोंड बरोबर आडवं.

पाण्याखाली भोकं पाडू नका. स्वयंपाकघरातला जाड पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड घ्या, फळीवर उभा धरा आणि पाण्याच्या रेषेच्या वर दोन स्टीलच्या बोल्टांनी, मागे वॉशर आणि पॉलियुरेथेन सीलंट लावून आवळा. खालच्या टोकाला बोर्डात स्क्रू पिळून ट्रान्सड्यूसर बसवा. जागा चुकली तर बोर्डात नवं भोक पाडायचं, होडीत नाही. (गोंदाने चिकटवायच्या भानगडीत पडू नका, त्या प्लास्टिकला गोंद धरत नाही.)

साउंडरला वेगळी छोटी बॅटरी द्या. यूपीएसमधली बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी सकाळभर पुरते, कारण छोटा साउंडर एक अँपिअरच्या आतच खातो. वायरीवर त्याचा स्वतःचा तीन अँपिअरचा फ्यूज. मोटरच्याच बॅटरीवर जोडलं तर डिजिटल मोटरचा गोंगाट पडद्यावर रेघा मारतो, आणि मुख्य म्हणजे मोटरची बॅटरी संपली तर साउंडरवरचा परतीचा रस्ताही जातो. दोन्ही केबल एकत्र बांधू नका: मोटरची डावीकडून नेली तर ट्रान्सड्यूसरची उजवीकडून. ट्रान्सड्यूसरची केबल लांब वाटली म्हणून कापून जोडायची नाही, मोठं सैल वेटोळं करून ठेवा.

खुणा करताना साठा लिहा

नाशिकच्या धरणांचा तळनकाशा तयार मिळेल या भरवशावर राहू नका, स्वतःच करा. खोलीच्या रेषा आपोआप नोंदवणारी यंत्रं आता सर्रास मिळतात. धरण भरलेलं असताना समांतर फेऱ्या मारल्या की काही सकाळीत कामापुरता नकाशा होतो. पण सप्टेंबरात भरलेलं धरण आणि मे महिन्यातलं धरण यांत कित्येक मीटरचा फरक पडतो. सप्टेंबरात "खुंट, चार मीटर" अशी केलेली खूण मार्चमध्ये पंख्याच्या पातळीला आलेली असते. म्हणून प्रत्येक खुणेच्या नावात त्या दिवशीचा साठा लिहा: "खुंट ४ मी, ९२ टक्के". साठ्याची टक्केवारी जलसंपदा विभाग जाहीर करतो, पावसाळ्यात तर पेपरात रोजच असते.

उलटही करा. मे महिन्यात पाणी खाली गेलं की उघड्या तळावर चालत जा: जुने बांध, विहिरीचे कठडे, ओढ्याचं पात्र, सगळं डोळ्यांनी दिसतं. मोबाइलमध्ये तिथली जीपीएस नोंद करून ठेवा आणि नंतर साउंडरमध्ये भरा. मासा पुढे तिथेच असतो, आणि पंखा फुटायची जागाही तीच.

बाकीचं सामान

गळ दोनच. तिसरा लावलात की वळताना गुंता होणार. रॉड होल्डर काठाला स्क्रूने नव्हे, आरपार बोल्टने आणि आतून फळीचा आधार देऊन. चांगला शिवडा लागला की झटका सगळा तिथे येतो. रीळचा ड्रॅग (ज्या ताणाला दोरी सुटू लागते तो) दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा आणि तो घरी वजनकाट्याला दोरी बांधून ओढून ठरवा. गळाच्या मुठीला पातळ दोरी बांधून होडीला अडकवा. डाउनरिगर, आउटरिगर, रडार, व्हीएचएफ हे समुद्राचं प्रकरण, इथे पैसे घालवू नका. ते पैसे लाइफ जॅकेटला, आणि जॅकेट अंगात, बाकाखाली नाही. दोन वल्ही, शिटी, पाणी उपसायला डबा. वैतरणेच्या बाजूला काही ठिकाणी फोनला रेंज नसते, तेव्हा कुठे जातोय आणि किती वाजता परत, हे घरी सांगून निघा. मे महिन्यात ढग गडगडले की गळ खाली आणि होडी काठाला, वाटेत मासा लागला तरी.

पहिल्या फेरीला गळ घेऊच नका. काठापासून वल्ह्याने परतता येईल इतक्याच अंतरात पूर्ण वेग, अर्धा वेग, उलटी चाल करून बघा, साउंडरचा आकडा दोरीला दगड बांधून ताडून पाहा, आणि घरी आल्यावर बॅटरी मोजा. शिशाची बॅटरी तासभर विश्रांतीनंतर १२.२ व्होल्ट दाखवत असेल तर ती निम्मी झाली. त्याच रात्री चार्जिंगला लावा, अर्धवट ठेवली की खराब होते. लिथियमचं उलटं: पावसाळ्यात होडी शेडमध्ये गेली की ती निम्म्या चार्जवर, दोन्ही टोकं सोडून ठेवा. शेडमध्ये उंदीर असतातच, म्हणून दिवाळीच्या सुमारास होडी बाहेर काढताना बॅटरी जोडायच्या आधी सगळी वायर हाताखालून घाला.